ताकदीची गोळी

२ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

सोबत चार डब्या पाठवत आहे. एक डबी म्हणजे एक आठवडा, चार डब्यांत आईचा महिना निघेल. प्रत्येक डबीत सात रांगा आणि प्रत्येक रांगेत तीन खण आहेत: सकाळ, दुपार, रात्र. झाकणांवर वार मी स्वतः लिहिले आहेत, चष्मा न लावता वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरात.

तुम्ही माझा फोन घेत नाही. आईही घेत नाही, कारण ती रुसली आहे. दादा जहाजावर, तो येईल पाच महिन्यांनी. तेव्हा पत्राशिवाय मार्ग नाही. तीन वर्षांपूर्वी आपलं जे बोलणं झालं त्यावर मला काही लिहायचं नाही. आई तुमच्याकडे आठ दिवसांसाठी आली होती, तुमच्या न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पडली आणि तिचं मनगट मोडलं, हे तर तुम्हीही नाकारत नाही. मी ते तोंडावर बोलले एवढाच माझा गुन्हा. असो.

आता ती तुमच्याकडे कायमची आली आहे ती स्वतःच्या मर्जीनं. "माझ्या तोंडात काय जातं ते मला ठाऊक नाही, मी काय बाहुली आहे?" असं म्हणाली आणि बॅग भरायला लागली. चार वर्षं तिच्या एकेक गोळीची मी काळजी घेतली, त्याचं हे बक्षीस. म्हाताऱ्या माणसांचा राग धरू नये म्हणतात, म्हणून धरलेला नाही.

तर गुलाबी गोळी रक्तदाबाची, सकाळी. पिवळी मोठी पित्ताची, खाण्याआधी अर्धा तास. लांबट पांढरी साखरेची, दोन्ही जेवणांबरोबर. आणि छोटी गोल पांढरी ताकदीची, सकाळी काहीतरी खाल्ल्यावर, रिकाम्या पोटी कधीच नाही. ही एक मात्र एकही दिवस चुकवायची नाही. आई कंटाळा करेल, ऐकायचं नाही.

स्ट्रिप पाठवलेल्या नाहीत. गोळ्या सोलूनच भरल्या आहेत, म्हणजे तुम्हाला नावं वाचायची कटकट नको. फक्त झाकण उघडा आणि हातावर ठेवा.

दर महिन्याला पार्सल येईल.

तुमची नणंद

२१ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी दहा ओळी, आणि त्यांत निम्मे प्रश्न. मायना नाही, शेवट नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना प्रश्नपत्रिका देता तशीच मला दिलीत.

गुलाबी आणि पिवळी गोळी तुम्ही कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला दाखवलीत आणि त्यानं वरच्या खुणांवरून ओळखली, असं लिहिता. मला विचारलं असतंत तर मी सांगितली असती. साखरेचीही त्यानं ओळखली, छान. छोटीवर काही खूण नाही, "अशा शंभर गोळ्या असतात," असं तो म्हणाला, तेही बरोबर आहे. त्या गोळीचं नाव काय, असं तुम्ही विचारता आणि खाली रेघ ओढता.

नाव घेऊन काय करणार? मी हे काम एकोणीस वर्षं करते आहे. आमच्या रुग्णालयात चार नंबरच्या खिडकीत बसून मी रोज साठ-सत्तर माणसांना औषधं समजावते. कुठली कधी, कशाबरोबर, काय खायचं नाही, काय त्रास झाला तर घाबरायचं नाही आणि काय झालं तर धावत यायचं. समजावून झालं की मी म्हणते, आता तुम्ही मला परत सांगा. त्यावरून लोकांनी माझं नावच 'परत-सांगा बाई' पाडलंय. नुसतं "कळलं कळलं" म्हणणाऱ्याला मी खिडकीवरून हलू देत नाही. परवा एक आजोबा आले. डोळ्यांत घालायचे थेंब आठ दिवसांत संपवून बसले होते. विचारलं तर म्हणे, "हिच्याही डोळ्यांत घातले. उरून वाया कशाला घालवायचे?" आजी शेजारी बसून मान डोलावत होत्या. त्यांच्या डोळ्यांना काहीच झालेलं नव्हतं. अशा माणसांत माझा दिवस जातो, तेव्हा औषधाच्या बाबतीत माझ्यावर थोडा विश्वास ठेवायला हरकत नसावी.

तुम्ही लिहिता, "आमच्या प्रयोगशाळेत चिठ्ठी नसलेली बाटली आम्ही ओतून टाकतो. आत पाणी असलं तरी." चांगला नियम आहे. पण आई म्हणजे प्रयोगशाळा नव्हे.

ती गोळी चुकली तर काय होईल, हाही तुमचा एक प्रश्न. उत्तर: चुकवू नका. आईनं पुन्हा विचारलं तर सांगा, ताकदीची. तिला तेवढं पुरतं.

परवा खिडकीवर एक ट्रकचालक होता. गोळीनं झोप येईल, गाडी चालवू नका, असं मी त्याला सांगितलं. त्यानं सगळं परत सांगितलं, अगदी बिनचूक. मग निघताना सहज म्हणाला, "बाई, घरीपण एवढं सांगता का हो?" मी पुढच्या माणसाला हाक मारली. तुम्हाला हे का लिहिलं कोण जाणे.

पुढच्या डब्या २७ तारखेला निघतील.

तुमची नणंद

१४ मार्च

वहिनी,

हे पत्र कुरिअरनं पाठवते आहे, उद्या सकाळी हातात पडेल. पडल्याबरोबर वाचा. उभ्याउभ्या वाचा.

तुमचं सहा तारखेचं पत्र मला आज मिळालं. टपालाला आठ दिवस लागले. त्यात तुम्ही अगदी शांतपणे लिहिलं आहे की आईचं जेवण कमी झालं होतं, "एवढ्या गोळ्यांनीच पोट भरतं" अशी तिची तक्रार होती, तेव्हा ज्या गोळ्यांची नावं कळली त्या ठेवल्या आणि जिचं कळलं नाही ती एक तारखेपासून बंद केली. आईला विचारून. ती म्हणाली, "ताकदीची नको आता, मला काय कुस्ती खेळायचीय?" आणि दोघी हसलात.

आज चौदा तारीख. तुम्ही हसलात त्याला तेरा दिवस झाले.

पत्र वाचलं तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत होते. डबा तसाच ठेवला. शेजारच्या खिडकीवालीचा फोन मागून तुम्हाला लावला. माझा आवाज ऐकून तुम्ही म्हणालात, "वर्गात आहे, नंतर," आणि ठेवलात. मग मी संदेश पाठवला की गोळी आजच सुरू करा. तुमचं उत्तर लगेच आलं: "नाव सांगा, सुरू करते."

किती साधी अट. मी फोन हातात धरून बसले. ज्या मैत्रिणीचा फोन होता ती म्हणाली, "अगं, सांग की नाव, त्यात काय एवढं?" तिला फोन परत दिला आणि खिडकीवर जाऊन बसले. बाहेर रांग वाढली होती.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन फाडली. त्यांत जे लिहिलं होतं ते लिहिणं मला जमलं नाही. नाव न सांगण्याला कारण आहे, वहिनी, आणि ते आईच्या भल्याचंच आहे. तुम्ही म्हणाल, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता. म्हणा. पण आईच्या शरीराला त्या गोळीची सवय झाली आहे. अशी सवय झालेली गोळी एकदम सोडायची नसते, हळूहळू कमी करत, महिनोन् महिने घेऊन सोडायची असते. उद्या सकाळपासून पहिल्यासारखी एक, खाल्ल्यावर. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.

आणि लक्ष ठेवा. उठताना चक्कर येते का. गळून जाते का. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, अंग थंड पडणं. ताप आला तर फार जपा, अशा वेळी साधा तापसुद्धा साधा नसतो. यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका, थेट दवाखान्यात न्या आणि मला फोन करा. त्या वेळी तरी माझा नंबर बंद ठेवू नका.

तुम्ही विचाराल, ताकदीची गोळी सोडली म्हणून कुणाचं असं होतं का? बरोबर आहे. मीही हेच विचारलं असतं.

तुमची नणंद

१७ मार्च, दुपार

वहिनी,

गाडी पाऊण तास उशिरा आहे. फलाटावरच्या बाकावर बसून लिहिते आहे. संध्याकाळी पोचेन तेव्हा हे तुमच्या हातात देईन, कारण समोर उभी राहून मला हे बोलता येईल असं वाटत नाही. अक्षर वाकडं येतंय.

सकाळी तुमचा नंबर दिसला आणि मी पहिल्याच घंटीला फोन उचलला. तीन वर्षांनी तुम्ही आपणहून फोन केला होता. तुम्ही रडत नव्हतात. वर्गात सूचना द्याव्यात तसं एकेक सांगितलंत: दोन दिवस ताप होता, आज पहाटेपासून उलट्या, आई पलंगावरून उठली आणि उभी राहता राहता खाली बसली, ओठ पांढरे, हात गार. दवाखान्यात आणलंय. रक्तदाब लागत नाही म्हणतात. परवा पत्र आल्यावर गोळी द्यायला गेलात, पण आईनं तोंड मिटून घेतलं. म्हणाली, "आधी तिला नाव सांगू दे." ती माझी आई आहे, दुसरं काय म्हणणार.

मग तुम्ही म्हणालात, "डॉक्टर विचारतायत, काय काय चालू होतं?"

मी सांगायला लागले. गुलाबी, पिवळी, साखरेची, नावं आणि मात्रा घडाघडा. मग थांबले. डॉक्टरांनी तुमच्या हातातला फोन घेतला. बाई होत्या, आवाज तरुण. "आणखी काही?" म्हणाल्या. खिडकीबाहेर एक गृहस्थ आपली चिठ्ठी हातात धरून माझ्याकडे बघत होते. आणि वहिनी, तुम्हाला खरं सांगते, तेव्हाही माझ्या तोंडातून पहिला शब्द आला तो "ताकदीची". आई तिथे मरायला टेकली होती आणि माझी जीभ ठरल्या वाटेनं गेली.

मग मी म्हणाले, "स्टिरॉइड. चार वर्षं, रोज. सोळा दिवसांपूर्वी एकदम बंद झालंय."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला आणि त्या डॉक्टरबाई कुणाला तरी ओरडून इंजेक्शन मागत होत्या. तुम्ही जवळ होतात की दाराबाहेर, ते मला कळलं नाही. फोन तसाच चालू राहिला. मी अकरा मिनिटं लांबून कुणाकुणाचे पाय वाजताना ऐकले आणि मग तो बंद झाला.

आता नाव कळलं. बाकीचं सांगते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू होत्या, आईच्या जिवाभावाच्या. त्यांना वर्षानुवर्षं ते औषध होतं. त्यांचा चेहरा सुजून इतका गोल झाला होता की लहान मुलं घाबरायची. शेवटी गेल्या त्या दुसऱ्याच आजारानं, पण आईच्या मनानं घेतलं ते घेतलंच. मला म्हणाली, "काहीही होवो, मला ते देऊ नको." हे सहा वर्षांपूर्वीचं.

मग तिचे सांधे धरले. तुम्ही तेव्हा पाहिलं नाहीत. तिला कप उचलता येईना. स्वतःची वेणी घालता येईना. कुशीवर वळताना ती ओरडायची आणि मी ऐकलं असेल म्हणून सकाळी लाजायची. सांध्यांचे डॉक्टर म्हणाले, थोड्या मात्रेत हे द्यावंच लागेल, दुसरं लागू पडत नाही. आई बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टरांना घाई होती. म्हणाले, "तुम्ही याच कामातल्या. तुम्हीच त्यांना नीट समजावून सांगा." मी हो म्हणाले. बाहेर आले. आईनं विचारलं, "काय दिलं?" आणि मी म्हणाले, "ताकदीची गोळी आहे."

दोन शब्दांत काम झालं. त्या दिवशी ते मला खोटं वाटलंही नव्हतं, आठ दिवस जाऊ दे, बरं वाटलं की सांगू, असं वाटलं होतं. आणि पाचव्या दिवशी तिनं स्वतः वेणी घातली. आरशासमोर उभी राहून मला हाक मारली, "बघ, जमली." मग कुठल्या तोंडानं सांगणार? त्या दिवसापासून मी स्ट्रिपमधून गोळ्या सोलायला लागले. आतला माहितीचा कागद रुग्णालयातच टाकून यायचे. डब्या आणल्या. शेजारीपाजारी म्हणायचे, लेक असावी तर अशी. आई मात्र एकदा म्हणाली होती, "तू मला डबी दाखवतेस, गोळी नाही." मी ते हसण्यावारी नेलं.

आपलं शरीर असं असतं, वहिनी. हेच रसायन ते स्वतः तयार करतं. बाहेरून रोज आयतं मिळायला लागलं की तयार करणं सोडून देतं. मग बाहेरचंही एकाएकी थांबलं तर त्याच्याजवळ काहीच उरत नाही, आणि वर ताप आला की ते कोसळतं. हे मी दिवसातून चार वेळा लोकांना सांगते. मोलमजुरी करणाऱ्या, शाळेची पायरी न चढलेल्या माणसांना सांगते आणि त्यांना ते बरोबर कळतं. तुम्हाला आणि आईला कळणार नाही, असं मी कशावरून ठरवलं?

तुमची यात काडीची चूक नाही. बिनचिठ्ठीची बाटली तुम्ही ओतून टाकलीत. चिठ्ठी मी काढली होती.

गाडी येते आहे असं सांगतायत. तुमचा फोन अजून आलेला नाही. मी मुद्दाम केलेला नाही. काय ऐकावं लागेल ते ऐकायची माझी तयारी नाही.

९ एप्रिल

प्रिय वहिनी,

डब्या पाठवत नाही, याचं तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही. सोबत आईची सगळी फाईल आहे, मूळ चिठ्ठ्यांसह. तिथल्या डॉक्टरबाईंनी मात्रा कमी करत न्यायचं जे वेळापत्रक दिलं आहे ते तुमच्याकडे आहेच. औषधं तिथूनच घ्या, स्ट्रिपसकट.

त्या पाच दिवसांत तुम्ही मला एका शब्दानंही दोष दिला नाहीत. माझं पत्र वाचलंत, घडी घालून पिशवीत ठेवलंत आणि "चहा घ्या" म्हणालात. ओरडला असतात तर मला सोपं गेलं असतं. पहिल्या रात्री आईजवळ कोण थांबणार, यावर तुम्ही चर्चाच केली नाहीत, खुर्ची ओढून बसलात. मी बाहेरच्या बाकावर होते. तो हक्क तेव्हा तुमचा होता, हे मला मान्य आहे.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आईला सगळं सांगितलं तो प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांनी स्टूल घेतलं, तिच्या कानाशी बसल्या, औषधाचं नाव सांगितलं, ते काय करतं, त्यानं काय काय त्रास होऊ शकतो, का सोडायचं नाही, कसं सोडायचं. वीस मिनिटं. आई मध्ये मध्ये विचारत होती. किती चांगले प्रश्न विचारत होती, वहिनी. चेहरा सुजेल का, किती, आणि मात्रा कमी केली की उतरेल का. डोळ्यांवर पडदा येतो म्हणतात ते खरं का. एकोणीस वर्षांत माझ्या खिडकीवर इतकं नेमकं विचारणारं माणूस क्वचित आलं असेल, आणि ते चार वर्षं माझ्याच घरात गप्प बसून होतं.

डॉक्टरबाई गेल्यावर ती माझ्याकडे वळली. तुम्ही पायथ्याशी चादर सारखी करत होतात, तुम्ही ऐकलं आहे. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

ती म्हणाली, "मी घेतली असती गं."

मी म्हणाले, "तू काकूंचं बघून नको म्हणाली होतीस."

"तेव्हा मला कुठं दुखत होतं? कप उचलता येईना तेव्हा विचारायचं होतंस. मी आनंदानं घेतली असती." मग म्हणाली, "तू मला विचारलंच नाहीस."

आणि मग तो प्रश्न. "अजून काही लपवलंयस?"

मी म्हणाले, "नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि डोळे मिटले. तिला पटलं. एवढं होऊनसुद्धा पटलं. मी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर आले. वहिनी, मी "नाही" म्हणाले ते खोटं होतं.

ते औषध वर्षानुवर्षं घेतलं की हाडं विरळ होतात. म्हणून सांध्यांच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हाडांची तपासणी लिहून दिली होती आणि हाडांसाठीच्या गोळ्याही. तपासणीला नेलं असतं तर आईनं विचारलं असतं, माझ्या हाडांना काय झालंय? म्हणून नेलं नाही. गोळ्या सुरू केल्या असत्या तर डबीत आणखी दोन वाढल्या असत्या आणि पुन्हा तेच, ही कशाची, ती कशाची. म्हणून त्याही दिल्या नाहीत. पुढे करू, असं मनाशी म्हणाले. ती चिठ्ठी फाईलमध्ये तिसऱ्या पानावर आहे, तारखेसकट. ही साखरसुद्धा तिला त्या औषधापायीच, ते सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी लागली. मी म्हणाले होते, वयानं होतं.

पुढच्याच वर्षी ती तुमच्याकडे आली आणि मनगट मोडलं. मी धावत आले. तिथल्या डॉक्टरांनी मनगटाचा एक्स-रे दिव्यासमोर धरून मला म्हटलं होतं, "एवढ्याशा पडण्यानं असं मोडत नाही, हाडं तपासून घ्या." तुम्ही तेव्हा औषधं आणायला खाली गेला होतात. तुम्ही वर आलात आणि मी तुम्हाला फरशीवरून बोलायला सुरुवात केली. दादासमोर, परक्या माणसांसमोर. तुम्ही म्हणालात, "मी पुसली होती हो. कोरडी होती." मी म्हणाले, कोरड्या फरशीवर कुणी पडत नाही. मला तेव्हाच माहीत होतं. सगळं माहीत होतं, आणि तुमचा चेहरा उतरताना बघून मला आतून हायसं वाटलं होतं. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

या वेळी मी तुमचं घर पाहिलं. दवाखान्यातून आईचे कपडे आणायला तुम्ही मला किल्ली दिलीत तेव्हा. न्हाणीघरापासून पलंगापर्यंत रबरी चटया, एकीला एक चिकटवून. भिंतीला धरायला दांडा. प्रत्येक दाराजवळ कोरडं फडकं. शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "तुमची वहिनी दिवसातून चार वेळा फरशी कोरडी करते हो, शाळेतून मधल्या सुट्टीत येऊन सुद्धा. आम्ही हसतो तिला." मी आईचे कपडे पिशवीत भरले आणि तुमच्या पलंगावर बसून राहिले. म्हणून यायला उशीर झाला. तुम्हाला रिक्षा मिळाली नाही असं सांगितलं होतं.

तुमची माफी मागायला मला लाज वाटते, कारण मागितली की तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. नका देऊ. माझी एकच विनंती आहे. हे पत्र आईला वाचून दाखवा. पूर्ण, एक ओळही न गाळता. तुमचा स्वभाव मला आता कळला आहे, तुम्ही मला सांभाळून घेण्यासाठी मधलं गाळाल, तसं करू नका. ती यानंतर माझं तोंड बघायला तयार होईल की नाही, मला माहीत नाही. तिला ठरवू दे. यावेळी सगळं कळून ठरवू दे.

आणि चटया काढू नका. तिची हाडं खरोखरच ठिसूळ आहेत, त्या लागतील. फक्त त्या कुणामुळे अंथराव्या लागल्या, ते तिला सांगा.

तुमची नणंद